कंट्री गायक-गीतकार व्हायचंय? आधी गाणं लिहा, आणि ते आपल्याच नावावर ठेवा

कंट्री म्युझिकमध्ये करिअर करायचंय असं म्हणणाऱ्या बहुतेकांचा सगळा जोर आवाजावर असतो. आवाज लागतोच, त्यावर वाद नाही. पण अमेरिकेत कंट्री म्युझिकचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलमध्ये गाणारा आणि लिहिणारा या दोन वेगळ्या कमाया आहेत आणि दुसरी कमाई पहिलीपेक्षा जास्त वर्षं टिकते, हे आधीच नीट डोक्यात बसवा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. आपल्याकडे शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि आवाज तिसऱ्याचा असं चालत आलंय. तिकडे सॉन्गरायटर म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही त्याचंच, एकट्याचं किंवा दोघा-तिघांनी मिळून केलेलं. आणि अमेरिकेत एफएम रेडिओवर गाणं वाजलं की त्याचे पैसे लिहिणाऱ्याला आणि त्याच्या पब्लिशरला (गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला) जातात, ज्याचा आवाज वाजतोय त्याला त्या वाजण्याचे काहीच मिळत नाहीत. अनेकांना हे ऐकून पटतच नाही, पण कायदाच तसा आहे.

डॉली पार्टनचं उदाहरण मी पुन्हा पुन्हा देणार आहे, कारण गायिका आणि लेखिका दोन्ही म्हणून तिच्याइतकं शहाणपणाने करिअर केलेलं माणूस मला दुसरं दिसत नाही. जन्म 1946, टेनेसीच्या डोंगरात, बारा भावंडं, घरात पैसा नाही. 1964 मध्ये हायस्कूल संपलं आणि दुसऱ्याच दिवशी ती नॅशव्हिलला निघाली. तिचं पहिलं मोठं यश गायिका म्हणून आलंच नाही, मामा बिल ओवेन्सबरोबर लिहिलेलं एक गाणं 1966 मध्ये बिल फिलिप्स नावाच्या गायकाने गायलं आणि ते कंट्री चार्टवर टॉप टेनमध्ये गेलं. आधी लेखणीने दार उघडलं, आवाज मागून आत आला. नवीन माणसाने अजूनही हाच क्रम धरावा असं माझं ठाम मत आहे.

ऐकणं आणि लिहिणं

सुरुवात ऐकण्यापासून करा, आणि फक्त आजच्या प्लेलिस्टवर थांबू नका. 1927 मध्ये ब्रिस्टल या टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या गावात राल्फ पीअरने रेकॉर्डिंगचं मशीन लावलं आणि त्यात कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स सापडले, तिथून ऐकत या. मग हँक विल्यम्स, पॅट्सी क्लाइन, लोरेटा लिन, मर्ल हॅगर्ड, विली नेल्सन. डीफोर्ड बेली ऐका, ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ शोच्या सुरुवातीच्या वर्षांतला काळा हार्मोनिकावाला, त्या शोच्या पहिल्या स्टार लोकांपैकी एक, आणि हेही लक्षात घ्या की बँजो हे वाद्यच मुळात आफ्रिकेतून आणलेल्या लोकांबरोबर आलं. हे संगीत फक्त गोऱ्या शेतकऱ्यांचं होतं ही समजूत चुकीची आहे.

ऐकताना वही घ्या. गाण्याचे शब्द हाताने लिहून काढा, छापील लिरिक्स कॉपी-पेस्ट करू नका, हाताने लिहिताना कळतं की गोष्ट कुठे वळते. बहुतेक कंट्री गाण्याचा सांगाडा साधा असतो, कडवं, कोरस (म्हणजे ध्रुवपद), कडवं, कोरस, मग एक ब्रिज (वेगळ्या चालीचा छोटा तुकडा) आणि परत कोरस, आणि सगळं तीन-साडेतीन मिनिटांत. खरी कारागिरी शीर्षकाच्या ओळीत असते. तीच ओळ प्रत्येक कोरसमध्ये येते पण मधल्या कडव्यात काहीतरी घडलेलं असतं, त्यामुळे पुढच्या वेळी तीच ओळ वेगळी लागते. हे जमलं नाही तर तिसऱ्या कोरसपर्यंत ऐकणारा कंटाळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे तपशील. डॉलीचं 1971 चं चिंध्यांच्या कोटाबद्दलचं गाणं बघा, आईने तुकडे जोडून शिवलेला कोट, शाळेत पोरं हसली, एवढंच. गरिबी हा शब्द वापरून कोणाला काही वाटत नाही, कोट दिसला की वाटतं. लोरेटा लिनने बापाच्या कोळशाच्या खाणीतल्या नोकरीवर आणि आपल्या घरावर गाणं लिहिलं, त्यात आधी बरीच जास्त कडवी होती आणि प्रोड्यूसर ओवेन ब्रॅडलीने त्यातली काही काढायला लावली. स्वतःच्या घराबद्दलची कडवी काढायची म्हणजे जीवावर येतं, पण गाणं 1970 साली नंबर एकवर गेलं. तुम्हीही काढा. जी ओळ फक्त सुंदर आहे पण गोष्ट पुढे नेत नाही ती पहिली काढा.

आणि कृपा करून जे जगला नाहीत ते लिहू नका. पिकअप ट्रक, कच्चा रस्ता, नदीकाठ, बीअर, हे सगळं दुसऱ्यांनी हजार वेळा लिहिलंय आणि ते तिथेच वाढलेत. तुमचे आईवडील न्यू जर्सीत मोटेल चालवत असतील तर रात्री दोनला डेस्कवर बसलेल्या बापाचं गाणं लिहा. ऐकणाऱ्याला खरं लगेच कळतं.

गिटार आणि आकड्यांची भाषा

गिटार फार अवघड वाजवता यायची गरज नाही. जी, सी, डी, ई मायनर, ए मायनर, एफ, एक कॅपो (पट्टी वर न्यायला गिटारला लावायचा चिमटा) आणि ताल सांभाळत गाता येणं, एवढ्यावर पहिली दोन वर्षं निघतात. पण एक गोष्ट शिकूनच जा, नॅशव्हिल नंबर सिस्टिम. 1950 च्या दशकाच्या शेवटी जॉर्डनेअर्स या ग्रुपच्या नील मॅथ्यूजने ही पद्धत काढली आणि चार्ली मॅकॉयसारख्या स्टुडिओत वाजवणाऱ्या सेशनवाल्यांनी ती पुढे नेली. कॉर्डची नावं लिहायचीच नाहीत, आकडे लिहायचे. पट्टी जी असेल तर 1 म्हणजे जी, 4 म्हणजे सी, 5 म्हणजे डी. गायकाचा घसा बसलाय, आज पट्टी खाली घेऊया म्हटलं तरी कागद तोच राहतो, फक्त 1 कुठे ते बदलतं. मायनर असेल तर आकड्यापुढे छोटी रेघ.

आपल्याकडे लहानपणी हार्मोनियमवर सारेगम शिकलेल्यांना हे पाच मिनिटांत कळतं, कारण पांढरी चार असो की काळी दोन, सा हलतो आणि बाकीचे त्याच्यामागे हलतात, 1-4-5 म्हणजे सा-म-प वर उभे केलेले कॉर्ड. हा फायदा आपल्याकडे आयता आहे, वापरा. स्टुडिओत सेशन तीन तासांचं असतं आणि त्यात वादक अनेकदा तीन-चार गाणी करून मोकळे होतात. तिथे तुम्ही आकड्यांचा चार्ट हातात देऊ शकलात तर तुम्हाला लोक गंभीरपणे घेतात.

नॅशव्हिलमध्ये गेल्यावर

गावात दोन वेगळे रस्ते आहेत आणि कोणता कशासाठी ते ओळखा. लोअर ब्रॉडवेवरच्या बारमध्ये सकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत बँड वाजत असतात, एकेक शिफ्ट साधारण चार तासांची, कमाई मुख्यतः टिपवर, आणि लोकांना ओळखीचीच गाणी हवी असतात. स्टेजची सवय, आवाजाचा दम, गर्दी धरून ठेवणं हे तिथे शिकायला मिळतं आणि भाडं निघतं. पण स्वतःची गाणी तिथे कोणी ऐकत नाही, वर्षानुवर्षं तिथेच अडकलेले चांगले गायक आहेत.

स्वतःच्या गाण्यांसाठी ब्लूबर्ड कॅफेसारख्या जागा. 1982 पासून चालू आहे, ग्रीन हिल्स भागात दुकानांच्या साध्या रांगेत, आत जेमतेम नव्वदेक खुर्च्या. तिथे इन द राउंड पद्धत आहे, तीन-चार लेखक मधोमध गोल बसतात आणि एकेक करून आपापलं गाणं म्हणतात, ते कसं सुचलं ते सांगतात, आणि प्रेक्षकांनी गप्प बसायचं असतं. सोमवारी ओपन माइक असतो, नाव नोंदवायचे नियम त्यांच्या साइटवर बघून जा. टेलर स्विफ्ट 2004 मध्ये तिथे गात असताना स्कॉट बोर्चेटाने तिला ऐकलं आणि पुढे तिला आपल्या नव्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीत, घेतलं, पण त्याआधीच चौदाव्या वर्षी तिचा सोनीच्या पब्लिशिंग कंपनीबरोबर लेखिका म्हणून करार झाला होता. परत तेच, आधी लेखणी.

पहिले सहा महिने फक्त ऐकायला जा असं मी सांगेन. राउंडला जा, चांगलं गाणं ऐकलं की त्या लेखकाला नंतर भेटून त्या गाण्याबद्दल बोला, आपली सीडी किंवा लिंक हातात कोंबू नका. एनएसएआय म्हणजे नॅशव्हिल सॉन्गरायटर्स असोसिएशन इंटरनॅशनल, 1967 ची संस्था, तिचे मेंबर व्हा, गाणं पाठवलं की जाणकाराचा अभिप्राय मिळतो, वर्कशॉप असतात.

मग को-रायटिंग. तिथे बरीचशी गाणी दोघं-तिघं बसून लिहितात, सकाळी दहा-अकराला खोलीत जमायचं आणि संध्याकाळपर्यंत गाणं फोनवर रेकॉर्ड करून उठायचं. खोलीत रिकाम्या हाताने जाऊ नका, चार-पाच शीर्षकं, एखादी चाल, एखादी गोष्ट घेऊन जा. दुसऱ्याची ओळ नाकारायची तर लगेच दुसरी ओळ सुचवा. आणि जितके लोक खोलीत तितके समान वाटे ही तिथली रीत आहे, कोणी किती शब्द दिले ते मोजत बसायचं नाही. आज तुम्हाला एकच ओळ सुचली, उद्या समोरच्याला एकच सुचेल. पण वाटे ठरले की त्याच दिवशी लिहून ठेवा, नावं, टक्के, कोण रॉयल्टी गोळा करणाऱ्या कुठल्या सोसायटीचं मेंबर, पब्लिशर कोण. गाणं हिट झाल्यावर मैत्री तुटलेल्या फार गोष्टी आहेत.

वेळ किती लागतो? तिथे म्हणतात की हे दहा वर्षांचं गाव आहे. ख्रिस स्टेपलटन 2001 मध्ये आला, दुसऱ्यांसाठी लिहीत राहिला, केनी चेस्नीने त्याचं गाणं 2007 मध्ये नंबर एकला नेलं, आणि त्याचा स्वतःचा पहिला सोलो अल्बम आला 2015 मध्ये. तोवर बहुतेक श्रोत्यांना त्याचं नावही माहीत नव्हतं. क्रिस क्रिस्टोफरसन ऑक्सफर्डला रोड्स स्कॉलर म्हणून शिकलेला, आर्मीत हेलिकॉप्टर पायलट होता, तो नॅशव्हिलच्या कोलंबिया स्टुडिओत झाडू मारायचा कारण तिथे गाणी बनताना बघायला मिळत होती. तेव्हा दिवसाची नोकरी ठेवा, त्यात कमीपणा नाही, भाड्याची चिंता डोक्यावर असेल तर वाईट करारावर सही होते.

सही करण्याआधी

हा भाग दोनदा वाचा.

विली नेल्सनने तरुणपणी पैशांची नड होती म्हणून एक गाणं 50 डॉलरला विकून टाकलं. सगळे हक्क. 1960 मध्ये ते दुसऱ्याच्या आवाजात हिट झालं आणि विलीचं नाव त्यावर नव्हतं. पुढच्याच वर्षी पॅट्सी क्लाइनने त्याचं 'क्रेझी' गायलं, ते मात्र त्याच्या नावावर होतं, आणि आजही ते सतत वाजतं.

डॉलीकडे 1970 च्या दशकात याच्या बरोब्बर उलटा प्रसंग आला. पोर्टर वॅगनरच्या टीव्ही शोमध्ये ती 1967 पासून होती, त्याच्यापासून वेगळं व्हायचं होतं आणि तो सोडत नव्हता, तेव्हा तिने निरोपाचं गाणं लिहिलं, 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'. 1974 मध्ये ते कंट्री चार्टवर नंबर एक झालं. मग एल्विसला ते गायचं होतं. रेकॉर्डिंगच्या थोडं आधी एल्विसचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर म्हणाला की पब्लिशिंगचा अर्धा हिस्सा आम्हाला हवा. तिने नाही म्हटलं. एल्विसला नाही म्हणणं म्हणजे काय हे त्या काळात कल्पनेपलीकडचं होतं, तिने स्वतःच सांगितलंय की ती त्या रात्री रडली. 1992 मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं गायलं, अमेरिकेत 14 आठवडे नंबर एकवर राहिलं, आणि लेखिका आणि पब्लिशर दोन्ही बाजूंचे पैसे डॉलीकडे गेले.

आता यातली यंत्रणा. प्रत्येक गाण्याच्या कमाईचे दोन अर्धे धरतात, लेखकाचा आणि पब्लिशरचा. नवीन लेखकाला पब्लिशिंग डील मिळते तेव्हा दर महिन्याला काही रक्कम मिळते, तिला ड्रॉ म्हणतात. तो पगार नाही. ती पुढच्या कमाईतून वळती होणारी उचल आहे, आणि बदल्यात गाण्यांचा पब्लिशरवाला हिस्सा बहुधा सगळा किंवा अर्धा त्यांचा होतो. पब्लिशर तुमची गाणी गायकांपर्यंत नेतो, चांगल्या लेखकांबरोबर बसवतो, म्हणून डील वाईटच असते असं नाही, पण आकडे समजून घ्या. अमेरिकेत सीडी, रेकॉर्ड किंवा डाउनलोडच्या प्रत्येक कॉपीमागे गाण्याला सरकारी दराने पैसे मिळतात, 2006 ते 2022 तो दर 9.1 सेंट होता, 2025 मध्ये 12.7 सेंट. समजा दोघांनी लिहिलेलं गाणं एक लाख कॉपी गेलं. 12,700 डॉलर. तुमचा वाटा 6,350. पब्लिशरला अर्धे द्यायचा करार असेल तर उरले 3,175, आणि ड्रॉ फिटायचा असेल तर तेही आधी त्यात वळते होणार. स्ट्रीमिंगवर प्रत्येक ऐकण्यामागचा आकडा याहून कितीतरी लहान. म्हणून रेडिओ आणि टीव्हीवर वाजण्याचे पैसे महत्त्वाचे, ते एएससीएपी, बीएमआय किंवा एसईएसएसी यापैकी तुम्ही ज्या एका सोसायटीचे मेंबर आहात ती गोळा करते आणि लेखकाचा हिस्सा थेट तुम्हाला पाठवते. तो हिस्सा कुठल्याही करारात सोडू नका. स्ट्रीमिंगचे मेकॅनिकल पैसे, म्हणजे कॉपीमागे मिळतात तसलेच, 2021 पासून एमएलसी नावाची संस्था गोळा करते, तिथे वेगळी नोंदणी लागते, फुकट आहे, आणि नोंदणीच नसल्यामुळे लोकांचे पैसे तिथे पडून राहतात.

गाण्याचा हक्क आणि रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा हेही पक्कं करा. टेलर स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमची मूळ रेकॉर्डिंग 2019 मध्ये लेबलबरोबर विकली गेली, पण गाणी तिने लिहिलेली होती म्हणून 2021 पासून ती परत गाऊन नवी रेकॉर्डिंग काढू शकली. नुसती गायिका असती तर हे इतकं सोपं नव्हतं. म्युझिक लॉ करणारा स्वतःचा वकील घ्या, समोरच्याने सुचवलेला नको.

दार किती उघडं आहे

कंट्री गायक चार्ली प्राइडची पहिली रेकॉर्ड्स आरसीए या रेकॉर्ड कंपनीने फोटोशिवाय रेडिओ स्टेशनांना पाठवली होती, तो काळा आहे हे कळू नये म्हणून. 1971 मध्ये तोच सीएमए म्हणजे कंट्री म्युझिक असोसिएशनचा एंटरटेनर ऑफ द इयर झाला. ट्रेसी चॅपमनचं 1988 चं गाणं ल्यूक कोम्ब्सने गायलं आणि 2023 मध्ये सीएमए सॉन्ग ऑफ द इयर मिळवणारी ती पहिली काळी लेखिका ठरली, इतकी वर्षं लागली. बायकांचंही तेच, 2015 मध्ये एका रेडिओ सल्लागाराने उघडपणे सांगितलं होतं की बायकांची गाणी कमी लावा. तेव्हा तपकिरी चेहरा, मराठी आडनाव घेऊन जाणाऱ्याला सगळीकडे स्वागतच होईल असं मी म्हणणार नाही. पण गाणं लिहिलेल्या कागदाला चेहरा नसतो, आणि इंटरनेटमुळे रेडिओची मक्तेदारी ढिली झालीय. झॅक ब्रायन नेव्हीत नोकरीला असताना फोनवर गाणी शूट करून टाकायचा, त्यावरच लोक जमले. 1960 मध्ये लोरेटा लिन आणि तिचा नवरा गाडीत रेकॉर्ड्स टाकून रेडिओ स्टेशन-स्टेशन फिरले होते, काम तेच आहे, गाडीच्या जागी फोन. आठवड्याला एक गाणं, गिटार आणि आवाज, फिल्टर नको, आणि ऐकणाऱ्यांची ईमेल यादी स्वतःकडे ठेवा.

भारतात बसून करायचं असेल तर

डेहराडूनचा बॉबी कॅश भारतातून जाऊन ऑस्ट्रेलियात टॅमवर्थच्या कंट्री फेस्टिव्हलमध्ये गाजला, तो जानेवारीत भरतो आणि नवीन लोकांना तिथे रस्त्यावर गायलाही जागा असते. त्यामुळे नॅशव्हिल हा एकच पत्ता नाही. पण पैसे घेऊन परदेशात गायचं तर टुरिस्ट व्हिसावर चालत नाही, अमेरिकेत कलाकारांसाठी ओ आणि पी प्रकारचे व्हिसा आहेत, त्यासाठी कामाचा पुरावा लागतो, म्हणून प्रत्येक शो, बातमी, करार जपून ठेवा. गाण्यांच्या नोंदणीसाठी मुंबईची आयपीआरएस आहे, तिचे परदेशी सोसायट्यांशी करार आहेत, तिकडे वाजलेल्या गाण्याचे पैसे तिच्यामार्फत येऊ शकतात. आपल्याकडच्या 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीमुळे सिनेमाच्या गाण्यातही लेखकाचा रॉयल्टीचा हिस्सा कराराने काढून घेता येत नाही, हे मराठी सिनेमासाठी लिहिणाऱ्यांनीही माहीत करून घ्यावं.

को-रायटिंग व्हिडिओ कॉलवर होतं. नॅशव्हिलची सकाळी दहाची बैठक म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. जेवून घ्या, गिटार ट्यून करा, शीर्षकांची वही जवळ ठेवा, आणि कॉल संपायच्या आधी वाटे ईमेलवर लिहून दोघांनीही त्याला हो म्हणून उत्तर द्या.